न वाचण्याचा ठिपका

१९०५ च्या मे महिन्यात डब्लिनच्या किंग्ज बेंच न्यायालयात एका घोडागाडीवरचं नाव सुनावणीला आलं. गाडी डोनेगल परगण्यात, क्रीसलोजवळ राहणाऱ्या एका शेतकऱ्याची होती. गाडीवर मालकाचं नाव-गाव सुवाच्य अक्षरांत रंगवलेलं असलं पाहिजे, असा कायदा होता. शेतकऱ्याने ते रंगवलं होतं, पण आयरिश भाषेत आणि आयरिश लिपीत. पोलिसांनी खटला भरला, स्थानिक न्यायाधीशांनी दंड केला आणि प्रकरण अपिलात राजधानीत पोहोचलं. शेतकऱ्याच्या वकिलांत २५ वर्षांचा पॅट्रिक पिअर्स होता. आयरिश भाषेसाठी झटणाऱ्या गेलिक लीगच्या साप्ताहिकाचा तो संपादक. आयर्लंडच्या भूमीवर आयरिश अक्षरं सुवाच्य धरायची की नाहीत, एवढाच प्रश्न होता. न्यायालयाने ती धरली नाहीत. एक शिलिंगाचा दंड कायम राहिला.

शेतकऱ्याचं नाव नियल मॅक गिला व्रीदे. सरकारदफ्तरी तो मॅकब्राइड. या दोन नावांमध्येच आपला विषय आहे. ब्रीद म्हणजे आयर्लंडची संत ब्रिजिड, आणि गिला व्रीद म्हणजे तिचा सेवक. ‘ब’चा ‘व’ होतो तो व्याकरणाच्या नियमाने, आणि जुन्या आयरिश लिपीत हा बदल दाखवण्यासाठी ‘बी’ अक्षराच्या डोक्यावर एक ठिपका देत. इंग्रजी दफ्तराने ठिपका सोडला तसा ‘व’चा पुन्हा ‘ब’ झाला.

या लिपीला आयरिश भाषेत ‘क्लो गेलाख’ म्हणतात. मूळची ती लॅटिनचीच लिपी. आयर्लंडच्या मठांतल्या लेखनिकांनी तिला स्वतःचं वळण दिलं. तिच्यात अक्षरं १८. जे, के, क्यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय आणि झेड यांना परंपरेने जागाच नाही. तिच्यात दोन खुणा आहेत. स्वरावरची तिरपी रेघ, म्हणजे ‘फादा’. आणि व्यंजनावरचा ठिपका. रेघ पाच स्वरांवर येते: ए, ई, आय, ओ, यू. ठिपका नऊ व्यंजनांवर: बी, सी, डी, एफ, जी, एम, पी, एस, टी. या लिपीतल्या लहान ‘आय’वर मात्र परंपरेने ठिपका देत नाहीत. (लेखातले आयरिश शब्द मी उच्चाराच्या जवळ जातील अशा रीतीने लिहिले आहेत.)

चौदा अक्षरांच्या या खुणांना एक फार लांबचा आणि राजकारणात वारंवार सापडलेला इतिहास आहे. गेल्या काही वर्षांत त्यातली एक खूण पुन्हा नागरिकांच्या हक्काचा विषय झाली आहे.

कातड्यावरची खूण

मध्ययुगातली पुस्तकं वासराच्या कमावलेल्या कातड्यावर लिहिली जात. एका ग्रंथासाठी कळपच्या कळप लागे. लिहिताना चूक झाली, तर ते पान टाकून देणं कुणालाच परवडत नसे. चाकूने शाई खरवडता येई, पण त्यात वेळ जाई आणि कातडं झिजे. म्हणून युरोपभरच्या लेखनिकांनी एक सोपा संकेत ठरवून घेतला होता: चुकून पडलेल्या अक्षराच्या वर किंवा खाली एक ठिपका द्यायचा. अर्थ असा की, हे अक्षर वाचू नये.

आयरिश भिक्षूंपुढे एक वेगळीच अडचण होती. त्यांच्या भाषेत शब्दाचं पहिलं व्यंजन संदर्भाप्रमाणे मऊ होतं. संबोधन आलं, विशिष्ट अव्यय आलं, षष्ठीचं सर्वनाम आलं, की व्यंजन बदलतं. या मृदूकरणात ‘एफ’चा उच्चार तर पूर्णपणे नाहीसा होतो. तोंडाने ‘फ’ म्हणायचा नाही, पण मूळ शब्द तर ‘फ’पासूनच सुरू होतो. मग लिहायचं काय? ‘एफ’ गाळला तर शब्द ओळखू येणार नाही, ठेवला तर चुकीचा वाचला जाईल. तेव्हा कुणाला तरी सुचलं की हातात आधीच एक खूण आहे. ‘एफ’ लिहायचा आणि त्यावर न वाचण्याचा ठिपका द्यायचा.

मला या कल्पनेचं अपार कौतुक वाटतं. खोडण्यासाठी जन्मलेली खूण इथे अक्षर राखून ठेवण्यासाठी वापरली गेली. डोळ्यांना मूळ शब्द दिसत राहतो आणि कानांना बदललेला उच्चार मिळतो. पुढे तोच ठिपका ‘एस’वरही आला, कारण मऊ झालेला ‘स’ नुसत्या ‘ह’वर येऊन थांबतो.

सी, पी आणि टी यांच्यासाठी लॅटिनमध्येच तयार सोय होती. ग्रीक शब्द लिहिताना रोमन लोक या तिघांपुढे ‘एच’ जोडत. आयरिश लेखनिकांनी ती पद्धत उचलली. म्हणजे जुन्या आयरिशमध्ये दोन व्यंजनांवर ठिपका, तिघांपुढे ‘एच’, आणि बी, डी, जी, एम यांच्यावर कोणतीच खूण नाही. ती वाचकाने समजून घ्यायची. पुढच्या शतकांत दोन्ही पद्धती पसरत गेल्या आणि एकाच हस्तलिखितात शेजारी शेजारी नांदू लागल्या. आयरिश वळणाच्या अक्षरांत ठिपका स्थिरावला, तर रोमन वळणाच्या लेखनात ‘एच’.

रेघेचं कूळ बहुधा रोमन शिलालेखांत आहे. तिथे दीर्घ स्वरावर एक तिरपी खूण कोरत असत. जुन्या आयरिश हस्तलिखितांत ती दिसते, पण नेमाने नाही; लेखनिकाच्या मर्जीप्रमाणे. हे आपल्याला कळतं ते आयर्लंडबाहेर राहिलेल्या ग्रंथांमुळे. जर्मनीतल्या वुर्झबर्गला आठव्या शतकातली, आणि स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॉलच्या मठात नवव्या शतकातली अशी लॅटिन हस्तलिखितं आहेत, ज्यांच्या ओळींच्या मध्ये आणि समासांत आयरिश भिक्षूंनी आपल्या भाषेत हजारो टीपा लिहिल्या. सेंट गॉलचा ग्रंथ प्रिस्कियनचं लॅटिन व्याकरण आहे. परक्या भाषेचं व्याकरण शिकता शिकता समासात स्वतःची भाषा लिहिणाऱ्या त्या माणसांमुळे जुनी आयरिश आज वाचता येते.

तिचं, त्याचं, त्यांचं

ठिपका नेमकं काय करतो, हे समजायला एक मांजर पुरेसं आहे. आयरिशमध्ये मांजराला ‘कात’ म्हणतात. ‘त्याचं’, ‘तिचं’ आणि ‘त्यांचं’ या तिन्हींसाठी सर्वनाम एकच: ‘अ’. मग मांजर कुणाचं, हे कळणार कसं? ते मांजराच्या पहिल्या अक्षरावरून कळतं. ‘अ ख़ात’ म्हणजे त्याचं मांजर. इथे ‘सी’वर ठिपका. ‘अ कात’ म्हणजे तिचं. इथे काहीच नाही. ‘अ गात’ म्हणजे त्यांचं; इथे मूळ ‘सी’ तसाच ठेवून त्याच्या आधी एक ‘जी’ लिहितात. उर्दू गझलेतला ‘ख़’ ज्याने ऐकला आहे, त्याला पहिला उच्चार ओळखीचा वाटेल.

म्हणजे मालक पुरुष की स्त्री, एक की अनेक, हे सगळं एका अक्षराच्या डोक्यावर आणि कपाळापुढे लिहिलेलं असतं. ठिपका गाळला तर त्याचं मांजर तिचं होतं. ठिपका म्हणजे अक्षराची सजावट असं समजणाऱ्याने हे तीन शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत.

हाच नियम माणसांच्या नावांना लागू होतो. शॉनला हाक मारायची तर ‘अ ह्यॉन’. शेमसला हाक मारायची तर ‘अ हेमिश’. स्कॉटलंडच्या गेलिकमध्येही हेच होतं, आणि तिथली ही हाक इंग्रजांच्या कानांवर पडून ‘हॅमिश’ हे स्वतंत्र नाव तयार झालं. आडनावांतही तसंच. ‘ओ दोनिल’ घराण्यातल्या मुलीचं आडनाव ‘नी ग़ोनिल’. ‘ओ’ म्हणजे वंशज, ‘नी’ म्हणजे त्या वंशजाची लेक. आणि ‘नी’नंतर पहिलं व्यंजन मऊ होतं. वडिलांच्या आणि मुलीच्या आडनावातला फरक लिपीत एका ठिपक्याने दिसत असे.

रेघेचं काम मराठी वाचकाला लगेच कळेल. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत जो फरक वेलांटी करते, तोच तिकडे फादा करते. ‘फ्यार’ म्हणजे पुरुष, रेघ दिली की ‘फेर’ म्हणजे गवत. ‘शॅन’ म्हणजे म्हातारा, रेघ दिली की ‘शॉन’ हे माणसाचं नाव. ‘ब्रिश्ते’ म्हणजे मोडलेलं, ‘ब्रीश्ते’ म्हणजे पाटलोण. ‘क्यॅद’ म्हणजे परवानगी, ‘केद’ म्हणजे शंभर. ‘ओ’ने सुरू होणाऱ्या आडनावांत इंग्रजी लेखनात जो स्वल्पविरामासारखा अपॉस्ट्रॉफी दिसतो, तो त्या ‘ओ’वरच्या फादाचाच अवशेष असल्याचं सामान्यतः मानलं जातं. डोक्यावरची रेघ कारकुनाच्या हातून बाजूला सरकली आणि तिथेच राहिली.

राणी, भिक्षू आणि शास्त्रज्ञ

छपाई आली तेव्हा प्रश्न धातूचा झाला. हाताने ठिपका द्यायला क्षण पुरतो, पण खिळ्यांच्या छपाईत ठिपक्याचं प्रत्येक अक्षर वेगळं कोरावं, ओतावं लागतं. नऊ व्यंजनं आणि पाच स्वर, लहान आणि मोठी रूपं मिळून २८ जास्तीचे खिळे, तेही प्रत्येक आकारात.

गेलिकमधलं पहिलं छापील पुस्तक १५६७ मध्ये एडिंबरात निघालं, जॉन कार्सवेलने केलेलं प्रार्थनापुस्तकाचं भाषांतर. ते रोमन टाइपात होतं. चारच वर्षांनी, १५७१ मध्ये, डब्लिनला शॉन ओ कॅर्नीची प्रश्नोत्तरी निघाली. तिचा टाइप आयरिश वळणाचा होता आणि त्याचा खर्च इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीने उचलला होता. आयरिश प्रजेला प्रॉटेस्टंट करायचं तर त्यांच्याच लिपीत त्यांच्यापर्यंत पोहोचलं पाहिजे, असा तो हिशेब होता. त्या टाइपात बरीच अक्षरं रोमनच होती, आयरिश वळणाची थोडी. पण ठिपका धातूत आला. १६०२-०३ मधला आयरिश नवा करार याच टाइपात छापला गेला.

उत्तर दुसऱ्या बाजूने आलं. आयर्लंडमधून बाहेर पडलेल्या फ्रान्सिस्कन भिक्षूंनी १६०७ मध्ये लूव्हेनला, आजच्या बेल्जियममध्ये, स्वतःचं महाविद्यालय उभारलं. त्यांनी लेखनिकांच्या हस्ताक्षराला जवळचा टाइप करवून घेतला आणि १६११ मध्ये अँटवर्पला बोनाव्हेंचुरा ओ होसाची कॅथलिक प्रश्नोत्तरी छापली. धर्मावरून एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन्ही पक्षांचं एका गोष्टीवर एकमत होतं: आयरिश माणसाशी बोलायचं तर ठिपक्यासकट.

तिसरा टाइप घडवला त्याचा पैसा ज्याने दिला, त्याचं नाव आपल्याकडच्या प्रत्येक विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पाठ असतं. वायूचा दाब आणि आकारमान यांचा नियम सांगणारा रॉबर्ट बॉईल आयर्लंडमधल्या लिस्मोरला १६२७ मध्ये जन्मला होता. त्याने १६८० मध्ये जोसेफ मॉक्सन या मुद्रकाकडून आयरिश टाइप कोरून घेतला. इंग्रजीतलं मुद्रणकलेचं पहिलं सविस्तर पुस्तक लिहिणारा मॉक्सन तो हाच. या टाइपात नवा करार पुन्हा निघाला आणि १६८५ मध्ये बिशप विल्यम बेडेलच्या देखरेखीत पूर्वीच भाषांतरित झालेला जुना करार छापून आला. बेडेलला जाऊन तेव्हा ४० हून जास्त वर्षं झाली होती.

सगळ्यांत देखणा टाइप १८३० च्या दशकात जॉर्ज पेट्रीने रेखला. पेट्री चित्रकार होता, पुरातत्त्वज्ञ होता, लोकगीतांच्या चालींचा संग्राहक होता. जुन्या हस्तलिखितांतल्या गोलसर अक्षरांवरून त्याने खिळ्यांची चित्रं काढली. त्या टाइपात १८४८ ते १८५१ या काळात ‘ॲनल्स ऑफ द फोर मास्टर्स’ या आयरिश इतिहासग्रंथाची जॉन ओ’डोनोव्हनने संपादित केलेली आवृत्ती छापली गेली. ही वर्षं लिहिताना हात थांबतो. नेमक्या त्याच काळात बटाट्याच्या रोगामुळे पडलेल्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं मरत होती आणि जवळजवळ तेवढीच जहाजांत बसून देश सोडत होती. मेलेली आणि गेलेली माणसं मोठ्या संख्येने आयरिश बोलणारी होती. अक्षरं सर्वांत सुंदर झाली तेव्हा ती वाचू शकणारी घरं ओस पडत होती.

कलकत्त्यातला डब्लिनकर

पेट्रीचा एक मित्र डब्लिनचा नामांकित डॉक्टर होता, विल्यम स्टोक्स. ‘चेन-स्टोक्स’ श्वसन वैद्यकाचे आपले विद्यार्थी शिकतात, त्यातला स्टोक्स तो हाच. पेट्रीचं चरित्र त्यानेच १८६८ मध्ये लिहिलं. त्याचा मुलगा व्हिटली स्टोक्स १८३० मध्ये जन्मला, वकील झाला आणि १८६२ मध्ये हिंदुस्थानात आला. १८७७ ते १८८२ तो व्हाइसरॉयच्या मंडळाचा विधी सदस्य होता. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्याच्या काळातला आणि त्याच्या देखरेखीतला. आज पुण्यात किंवा नागपुरात कुणी खरेदीखत, गहाणखत किंवा बक्षीसपत्र करतं, ते त्याच कायद्याच्या आधाराने.

कायदे लिहून झाले की हा माणूस जुन्या आयरिशकडे वळे. त्याचं ‘गॉयडेलिका’ हे आयरिश हस्तलिखितांवरचं पुस्तक १८६६ मध्ये छापलं गेलं ते कलकत्त्यात. पुढे जॉन स्ट्रॅकनबरोबर त्याने वुर्झबर्ग, सेंट गॉल आणि इतर ठिकाणच्या आयरिश टीपा दोन खंडांत एकत्र केल्या; ते खंड १९०१ आणि १९०३ मध्ये निघाले. जुन्या आयरिशच्या अशा विद्वत्तापूर्ण आवृत्त्या रोमन टाइपात छापतात, पण ‘एफ’ आणि ‘एस’वरचा ठिपका त्यांत आजही तसाच ठेवतात. बाकी सगळीकडून गेला, तेव्हाही मूळचा, न वाचण्याचा ठिपका अभ्यासकांनी सोडला नाही.

डब्लिनचाच दुसरा माणूस जॉर्ज ग्रियर्सन. डब्लिनच्या सरकारी मुद्रकांच्या घराण्यात १८५१ मध्ये जन्मलेला. ट्रिनिटी कॉलेजात त्याला संस्कृतची गोडी लावली रॉबर्ट ॲटकिन्सनने. या ॲटकिन्सनने ‘बुक ऑफ लीन्स्टर’ या आयरिश हस्तलिखिताच्या १८८० च्या प्रतिकृतीचं संपादन केलं होतं, आणि १८९९ मध्ये माध्यमिक शाळांत आयरिश शिकवण्याच्या विरोधात चौकशी आयोगापुढे साक्षही त्यानेच दिली. ग्रियर्सन मात्र लोकांच्या बोलींकडे वळला. भारतीय भाषांच्या त्याच्या सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये बाहेर पडला. कोकणी, वऱ्हाडी आणि इतर बोलींचे नमुने त्यात आहेत, आणि त्यांचे उच्चार पकडण्यासाठी रोमन अक्षरांवर रेघा-ठिपक्यांची काळजीपूर्वक रचना केलेली आहे. डब्लिनच्या न्यायालयाने आयरिश अक्षरं सुवाच्य नाहीत असं ठरवलं, त्याच वर्षी डब्लिनच्या एका मुद्रकाच्या मुलाने कोकणातल्या माणसाचा उच्चार टिपण्यासाठी अक्षरांवर खुणा छापल्या.

‘एच’चा विजय

गेलिक लीगची स्थापना १८९३ मध्ये झाली आणि क्लो गेलाखला नवा जोम आला. १९०४ मध्ये पॅट्रिक डिनीनचा आयरिश-इंग्रजी शब्दकोश निघाला, अर्थातच ठिपक्यांच्या अक्षरांत. ब्रिटिश सत्तेविरुद्ध डब्लिनात झालेल्या १९१६ च्या उठावातल्या आगीत त्याच्या छपाईच्या प्लेटा जळाल्या. डिनीन पुन्हा बसला आणि १९२७ मध्ये कितीतरी मोठा कोश घेऊन आला.

उठावाचा जाहीरनामा मात्र वेगळी गोष्ट सांगतो. लिबर्टी हॉलमध्ये जुनाट यंत्रावर तो छापताना खिळे इतके कमी पडले की कागदाचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळा छापावा लागला, आणि ‘ई’ अक्षर तर दुसऱ्या टाइपातून घ्यावं लागलं. त्याच्या मथळ्यात आयर्लंडचं आयरिश नाव आहे. ते रोमन मोठ्या अक्षरांत आहे आणि ‘ई’वर फादा नाही. ज्या पिअर्सने अक्षरांसाठी खटला लढवला, त्यानेच घोषित केलेल्या प्रजासत्ताकाचं नाव रेघेशिवाय छापलं गेलं. टाइपात जे नसतं ते कागदावर येत नाही, मग छापणाऱ्याचा हेतू कितीही थोर असो.

स्वातंत्र्य आल्यावर लिपीला सत्तेचं बळ मिळालं. १९२२ मध्ये ब्रिटिश राजाच्या तिकिटांवर आयरिश अक्षरांचा शिक्का मारून ती वापरात आणली गेली. १९२८ च्या नाण्यांवर तीच अक्षरं आली. १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिली अधिकृत भाषा ठरवलं. घटनेच्या दोन पाठांत विरोध आला तर आयरिश पाठ प्रमाण. तो आयरिश पाठ क्लो गेलाखमध्येच छापला होता. कार्ल उलेमन आणि कॉल्म ओ लॉक्लन यांनी मोनोटाइपसाठी घडवलेला ‘कोलम किल’ हा टाइप १९३६ चा.

पण त्याच वर्षांत दुसरा प्रवाहही जोर धरत होता. छापखान्यांना टाइपाचे दोन संच ठेवावे लागत. टंकलेखन यंत्रं बहुतेक रोमन अक्षरांची. मुलांना इंग्रजीसाठी एक आणि आयरिशसाठी दुसरं वळण शिकावं लागे. रोमन अक्षरं घ्या, ठिपक्याऐवजी पुढे ‘एच’ लिहा, खर्च वाचेल, असं म्हणणारे आयरिशचे शत्रू नव्हते. त्यांच्यात भाषेचे निष्ठावंतही होते. त्यांची अडचण खरी होती.

मात्र ‘एच’ आला की शब्द फुगतात. ‘रात्र’ या अर्थाचा शब्द जुन्या लिपीत पाच अक्षरांचा होता. त्यात ‘डी’वर एक ठिपका आणि ‘सी’वर एक. रोमनमध्ये प्रत्येक ठिपक्याचा एक ‘एच’ झाला आणि शब्द सात अक्षरांचा झाला. म्हणून लिपीबरोबर शुद्धलेखनही बदललं. १९४५ आणि १९४७ मध्ये, आणि शेवटी १९५८ च्या अधिकृत प्रमाण पुस्तकात, उच्चारात नसलेली अक्षरं गाळली गेली. त्याच शब्दातला मुका ‘डी’ गेला, त्याच्यामुळे जो स्वर लांब होत होता त्यावर फादा आली, आणि शब्द पुन्हा पाच अक्षरांवर आला. एका खुणेचं काम दुसरीने उचललं. ठिपका गेला तशी रेघेवरची जबाबदारी वाढली, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१९६० च्या दशकात प्राथमिक शाळांची पुस्तकं रोमन झाली, आणि सत्तरीच्या सुरुवातीपर्यंत माध्यमिक शाळांतही बदल पूर्ण झाला. १९७७ मधला नीअल ओ डोनलचा मोठा शब्दकोश रोमन अक्षरांत आहे. डिनीनचा कोश उघडणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला आधी अक्षरं ओळखावी लागतात. ती फार अवघड नाहीत, सवयीने येतात. पण ती सवय करून घ्यावी लागते, आणि आजोबांच्या पुस्तकाशी आपोआप जुळणारं नातं तेवढं दुरावतं.

तरी लिपी पुसली गेली नाही. डब्लिनच्या जुन्या रस्त्यांच्या पाट्यांवर, हिरव्या टपालपेट्यांवर, भुयारी गटारांच्या लोखंडी झाकणांवर ती आहे. आयर्लंडच्या युरो नाण्यावर देशाचं नाव त्याच वळणात, फादासह आहे. आणि पैसे भरून गाडी उभी करण्याच्या पाट्यांवर ‘आणि’ या अर्थाची सातच्या आकड्यासारखी खूण दिसते. ती सिसेरोचा लेखनिक टायरो याच्या लघुलिपीतून आलेली आहे. दोन हजार वर्षांची ती खूण तिथे रोजच्या वापरात आहे.

यंत्राचं निमित्त

ठिपका छापखान्याच्या काळात गेला. फादाची परीक्षा संगणकाच्या काळात सुरू झाली. १९६३ मध्ये ठरलेल्या आस्की संकेतात इंग्रजीची अक्षरं होती, खुणा नव्हत्या. १९८७ च्या पश्चिम युरोपीय मानकात फादाचे पाचही स्वर आले. १९९८ च्या केल्टिक भाषांच्या मानकात ठिपक्याची व्यंजनंही आली, आणि युनिकोडने तर त्यांना १९९३ मध्येच जागा दिली होती. कागदोपत्री प्रश्न तेव्हाच मिटला.

व्यवहारात मिटला नाही. मोबाइलच्या एसएमएसचं उदाहरण मराठी वाचकाला चांगलं ठाऊक आहे. संदेश मूळ संचातल्या अक्षरांत असेल तर एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. संचाबाहेरचं एकही अक्षर आलं, की मर्यादा ७० वर येते. देवनागरीत लिहिणाऱ्याला ही कात्री कायमचीच. आयरिशच्या वाट्याला विचित्र विभागणी आली: त्या संचात फादाचा ‘ई’ आहे, पण ‘ए’, ‘आय’, ‘ओ’ आणि ‘यू’वरच्या फादा नाहीत. त्यामुळे आपल्या भाषेत नीट लिहिणाऱ्याला जास्त पैसे, आणि फादा गाळणाऱ्याला सवलत. किती जणांनी रेघ गाळायची सवय अशी लावून घेतली असेल, याचा विचार केला की यंत्रातल्या एका कोष्टकाचं बळ कळतं.

याहून गंभीर प्रश्न नावांचा. बँका, रुग्णालयं आणि सरकारी खाती यांच्या प्रणालींत फादा टाकली की कधी ती गळते, कधी तिच्या जागी भलतंच चिन्ह येतं, कधी अर्जच स्वीकारला जात नाही. एका नागरिकाने आपलं नाव एका रुग्णालयाच्या नोंदीत फादासह असावं असा आग्रह धरला आणि युरोपच्या माहिती संरक्षण नियमांखाली दाद मागितली. चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्या नियमांत आहे. रेघेशिवायचं नाव ही चुकीची माहिती नव्हे का, असा त्याचा प्रश्न होता. २०१९ मध्ये आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने सांगितलं की हा हक्क निरपवाद नाही. नोंदीचा हेतू पाहावा लागेल, आणि माणूस इतर तपशिलांवरून ओळखता येत असेल तर रेघ नसली तरी चालेल.

मला हे उत्तर पटत नाही. नावाचं काम माणूस हुडकण्यापुरतं असेल, तर क्रमांक पुरेसा आहे. नाव हे माणूस ज्या शब्दाने स्वतःला ओळखतो तो शब्द आहे. शॉनची रेघ काढली तर उरतो तो ‘म्हातारा’ या अर्थाचा शब्द, आणि आयरिशमध्ये ते कुणाचं नाव नसतं.

अनेकांना असंच वाटलं असावं, कारण चर्चा थांबली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये अधिकृत भाषा कायद्यात दुरुस्ती झाली. सार्वजनिक संस्थांनी नागरिकाचं नाव आणि पत्ता आयरिशमध्ये, फादासह, बिनचूक नोंदवता येईल अशा प्रणाली ठेवायच्या, हे कर्तव्य त्यात घालण्यात आलं. त्याच कायद्यात २०३० पर्यंत सरकारी नोकरभरतीतले २० टक्के लोक आयरिश जाणणारे असावेत, असंही उद्दिष्ट आहे. १ जानेवारी २०२२ पासून युरोपीय संघात आयरिशला पूर्ण अधिकृत दर्जा मिळाला.

आकडे पाहिले तर आग्रहाची निकड कळते. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आयरिश बोलता येतं असं सांगितलं. शाळेबाहेर रोज बोलणारे मात्र सुमारे ७२ हजारच. एवढ्याच तोंडांवर रोज खेळणाऱ्या भाषेला खिडकीपलीकडच्या कारकुनाने किंवा संगणकाने ‘रेघ सोडून द्या’ म्हणणं, म्हणजे तिच्या रोजच्या वापरातून आणखी एक कोपरा काढून घेणं आहे.

ठिपका परत आणा, अशी मागणी मी करणार नाही. ‘एच’ आता तीन पिढ्यांच्या हातात बसला आहे, त्यात उत्तम साहित्य लिहिलं गेलं आहे, आणि मुलांना पुन्हा दोन लिप्यांत अडकवण्यात भाषेचा फायदा नाही. पण ठिपका गेला त्यामागचं एक मोठं कारण यंत्राचं होतं, हे विसरता कामा नये. ज्या यंत्रांसाठी तो गेला ती टंकलेखन यंत्रं आणि ते खिळे आज संग्रहालयात आहेत. आजचं यंत्र ठिपका आणि रेघ दोन्ही सहज पेलतं. यापुढे एखाद्या प्रणालीत फादा मावत नसेल, तर तो यंत्राचा दोष नाही. ती प्रणाली मागवणाऱ्याने आणि बनवणाऱ्याने घेतलेला निर्णय आहे, आणि त्याचा जाब त्यांनाच विचारला पाहिजे. आयरिशच्या लेखनिकांनी, मुद्रकांनी आणि कोशकारांनी हजार वर्षं एकच काम केलं: भाषेत जे आहे ते लिहिता यावं म्हणून हत्यार बदललं. भाषेने हत्यारासाठी बदलावं, असं त्यांनी कधी मानलं नाही, आणि आपणही मानण्याचं कारण नाही.